पालथा पेला

१

प्रश्नपत्रिका चोरीला गेली नव्हती आणि फुटलीही नव्हती. ती जागच्या जागी होती, पूर्वीइतक्याच प्रश्नांची, पूर्वीइतक्याच पानांची. फक्त ती आता दुसऱ्याच मुलांसाठी झाली होती.

सोमवारी सकाळी व्हाइटफील्डच्या ऑफिसात हे पहिल्यांदा श्यामला अक्कांच्या लक्षात आलं. अक्का परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या प्रश्नपेढीच्या राखणदार. छपाईला जाण्याआधी पेपर शेवटचा वाचून काढायचा हे काम त्यांचं. त्या चौथ्या प्रश्नाशी थांबल्या, नवव्याशी पुन्हा थांबल्या, आणि चष्मा काढून म्हणाल्या, "हे माझ्या पेपरातले प्रश्न नव्हेत."

अकरा प्रश्न बदललेले निघाले. दुपार व्हायच्या आत नीला करमरकर येऊन दाखल झाली होती.

नीला वर्षभरापूर्वी याच संस्थेतून निवृत्त झाली होती. तिचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूत. आजोबा सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. तीही त्याच कारखान्याच्या गेज रूममध्ये, सुटे भाग मोजून तपासायच्या खोलीत, लागली, आणि तिथून तिच्या साहेबांच्या, पद्माकर सरांच्या, मागोमाग या संस्थेत आली. लोखंड मोजायचं सोडून मुलं मोजायला लागलो, असं ती गमतीने म्हणे.

सरही निवृत्त झालेले; संस्थेची धुरा आता श्वेता मराठेकडे होती. पुण्याची, पस्तिशीची, बोलण्यात चटपटीत.

"नीलाताई, लुक, संध्याकाळी पाचला ट्रस्टचा कॉल आहे," श्वेता म्हणाली. "पेपरमध्ये कुणीतरी हात घातला हे मला सांगावंच लागेल. ते नाव विचारणार. बदल शनिवारी झालाय, आणि लॉगिन शुभंकरचं आहे. मला दुसरं नाव मिळालं नाही, तर त्याचंच जाईल. आणि मग तो फक्त इथून नाही जाणार. या फील्डमध्ये त्याला कुणी उभं करणार नाही."

"तो काय म्हणतो?"

"काहीच नाही. दॅट्स द प्रॉब्लेम."

नीलाने पडद्याकडे पाहिलं. त्यावर टेकडीसारखी एक वक्ररेषा होती. ही टेकडी जिथे उंच, तिथे पेपर बारीक मोजतो. जिथे ती उतरते, तिथे ढोबळ.

परीक्षा शिष्यवृत्तीची होती. महादेवपुऱ्यापासून होसकोट्यापर्यंतच्या साध्यासुध्या शाळांतली आठवीची मुलं ती देत, आणि एका ठरावीक रेषेच्या वर जाणाऱ्यांना ट्रस्टच्या निवासी शाळेत जागा मिळे. रेषेच्या वर किती वर, याला महत्त्व नव्हतं. वर की खाली, एवढंच. म्हणून सरांनी पूर्वीच नियम घालून दिला होता: रेषेपाशी मोजण्यातली चूक मोजपट्टीवरच्या पाव एककापेक्षा जास्त चालणार नाही. बाकी ठिकाणी कितीही होवो.

"सगळीकडे सारखं बारीक मोजतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो," सर म्हणत. "सोनाराचा काटा वेगळा, वखारीचा वेगळा. आधी ठरवा, सोनं कुठे तोलायचंय." प्रत्येक प्रश्नाला स्वतःची उंची असते, हे त्यांचं दुसरं वाक्य. त्या उंचीच्या आसपासच्या मुलाबद्दलच तो प्रश्न काही सांगू शकतो. फार सोपा प्रश्न सगळ्यांना येतो, फार अवघड कुणालाच येत नाही, आणि दोन्हींतून कळत काहीच नाही. म्हणून सोनं जिथे तोलायचं, त्याच उंचीचे प्रश्न निवडायचे.

शुक्रवारी टेकडीचं शिखर बरोबर रेषेवर होतं. आज ते खाली, सोप्या बाजूला सरकलं होतं. रेषेपाशी चूक पाव उरली नव्हती, तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली होती. पेपराचा तिथला नेमकेपणा निम्म्यावर आला होता. असा पेपर छापला गेला असता, तर काठावरच्या कित्येक मुलांची वर-खाली अदलाबदल झाली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

"फायदा कुणाचा?" श्वेताने विचारलं.

"धुक्याचा फायदा त्याला, जो उजेडात दिसला असता," नीला म्हणाली. "रेषेच्या जरा खाली असलेल्या मुलाला."

श्वेताने दाराकडे बघून आवाज उतरवला. "मग तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. शुभंकरचा रूममेट, प्रणीत, महादेवपुऱ्यात कोचिंग क्लास चालवतो. याच परीक्षेचा."

२

शुभंकर आपल्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसला होता. समोरचा संगणक बंद करून ठेवलेला. पेपराची जुळणी करणारा तोच, आणि त्याला शिकवलं होतं खुद्द पद्माकर सरांनी. नागपूरहून आला तेव्हा पहिले सहा महिने तो सरांच्या घरी वरच्या खोलीत राहिला होता.

"जेवलास का रे?" नीलाने विचारलं.

"काय जेवता बाप्पा, नीलाताई. सकाळपासून सगळे असे पाहून राहिले जसा मी मंगळसूत्रच ओढलं कुणाचं."

"मग सांग ना, केलं कुणी ते."

"लॉगिन माझं आहे. माझ्याकडूनच झालं असंल."

"असंल? अकरा प्रश्न आपोआप बदलतात होय?"

तो गप्प राहिला. नीलाला ही गप्प बसण्याची तऱ्हा ओळखीची होती. घाबरलेला माणूस भरभर बोलतो. हा कुणाच्या तरी वतीने गप्प होता.

"प्रणीतसाठी केलंस?"

"प्रणीत?" तो एवढ्या वेळात पहिल्यांदा हसला. "त्याला तर मी काय काम करतो तेही माहीत नाही. त्याला वाटते मी मोबाइलचे गेम बनवतो. सांगितलंच नाही ना मी. उगाच भानगड."

"शनिवारी टेबल सोडून गेला होतास?"

"जेवायला गेलो होतो खाली. आपल्या मशीनवाल्या हयवदनसोबत."

"मशीन उघडं ठेवून?"

त्याने मान डोलावली.

"आणि तेव्हा इथे कोण बसलं होतं?"

शुभंकरने कीबोर्डवरून बोट फिरवलं. "परत आलो तर इथं कॉफीचा पेला पालथा घातलेला होता. कीबोर्डच्या शेजारीच. कॉफीचं गोल उमटलं होतं टेबलावर. साफसफाईवाल्यांनी ठेवला असंल."

"मी विचारलं, कोण बसलं होतं."

"नीलाताई, मला काढायचं तर काढू द्या," तो म्हणाला. "मी जवान माणूस आहे. मिळंल कुठंतरी काम."

नीला उठली आणि चार पावलं गेल्यावर थबकली. मी जवान माणूस आहे. म्हणजे दुसरा जो कुणी होता, तो नव्हता.

ऑफिसात वय झालेलं माणूस एकच होतं, श्यामला अक्का, आणि तक्रार त्यांनीच केली होती.

३

श्यामला अक्का खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर ऑफिसच्या गाड्यांची रांग मुंगीच्या चालीने सरकत होती.

"यावं, नीलक्का. स्वल्प बसा," अक्का म्हणाल्या. मराठी घरात, कन्नड दारात, असं त्यांचं आयुष्य गेलं होतं. "त्या पोराला कशाला छळताय? इथे चौकशीला सुरुवात झाली की पहिलं पोर बाहेरगावचंच सापडतं."

"अक्का, तुमच्या शेजारची सौम्या यंदा परीक्षेला बसतेय ना?"

अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. "बसतेय. रिक्षावाल्याची पोर. मीच तिला गणित शिकवते, फुकट. आणि हे मी जानेवारीतच श्वेताला सांगितलंय, म्हणून यंदा पेपर जुळवताना मला खोलीत येऊ दिलं नाही. शुक्रवारचं पहिलं आणि आजचं शेवटचं वाचन तेवढं माझं, तेही हयवदनला शेजारी बसवून. सरी? पटलं?"

"सराव परीक्षेत ती कुठे असते?"

"रेषेच्या नखभर खाली," अक्का म्हणाल्या, आणि मग हसल्या. "कळलं तुमच्या मनात काय आहे ते. मला ती पास व्हावी असं वाटतं का? वाटतं. पण मग मी 'हे माझे प्रश्न नव्हेत' म्हणून बोंब कशाला मारली असती? गप्प सही करून टाकली असती की!"

"आपल्यावर संशय नको म्हणून."

"अय्यो, तेवढी हुशार असते तर आतापर्यंत नवऱ्याला सुधारलं नसतं?"

नीलालाही हसू आलं. अक्कांची गोष्ट अशी होती की त्यांना प्रश्न माणसांसारखे आठवत. टाकीचा प्रश्न, शिडीचा प्रश्न, बसच्या तिकिटाचा प्रश्न. त्यांची उंची किती, हे आकडे अक्का कधी बघत नसत. "ते तुमचं पाव अन् पाऊण तुम्हीच बघा," म्हणत.

नीला तिथून हयवदनकडे गेली. यंत्रांचं सगळं त्याच्याकडे. घरात मोडकं मराठी बोलणारं माध्व कुटुंब, म्हणून त्याच्याशी बोलणं सोपं होतं.

"मॅडम, बदल झाला शनिवारी, जेवायच्या वेळेला. तेव्हा शुभंकर माझ्यासमोर बिसिबेळे भात खात होता. दोनदा घेतला. माझं स्टेटमेंट पाहिजे तर देतो."

"तू त्याच्या लॉगिनने कुठूनही शिरू शकतोस."

"शिरू शकतो," तो शांतपणे म्हणाला. "पण ते त्याच मशीनवरून झालंय. आणि मॅडम, त्या टेकडीतलं मला काय कळतं? मला ती उलटी दाखवली तरी मी छान आहे म्हणेन."

"शनिवारी वर कोण कोण होतं?"

"अक्का लवकर घरी गेल्या. श्वेता मॅडम सकाळी होत्या, शुभंकरवर जोरात ओरडत होत्या, टॉपरसाठी अवघड प्रश्न टाक म्हणून. सगळ्यांसमोर. तो नाही म्हणाला की काय, ते मी ऐकलं नाही, तोवर लिफ्ट आली. आणि पद्माकर सर होते. दर शनिवारी येतात ना आता, कॉफी प्यायला."

"म्हणजे सरांनी कुणाला तरी पाहिलं असणार," नीला म्हणाली, आणि पर्स उचलून निघाली.

जाता जाता ती श्वेताच्या दारात थांबली. "टॉपरसाठी अवघड प्रश्न?"

श्वेता लाल झाली. "मेरिट लिस्ट छापायची होती. पहिली दहा नावं, फोटो वगैरे. त्यासाठी वरच्या टोकाला प्रिसिजन हवं. शुभंकर म्हणाला, मग रेषेपाशी कमी पडेल. मी म्हटलं, ओके, ड्रॉप इट. संपला विषय."

"हे 'ओके' कुठे म्हणालात?"

"माझ्या केबिनमध्ये. का?"

नीला लिफ्टकडे वळली. शिखर वर सरकलं असतं तर संशय श्वेतावर गेला असता. ते खाली सरकलं होतं. आणि तरीही ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं, माघार कुणीच नाही.

४

मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली. काचेबाहेर नव्या इमारती जात होत्या आणि ती मनातल्या मनात त्यांच्या खालची जुनी जमीन आठवत होती. इथे कुठेतरी द्राक्षांचे मळे होते. पलीकडे कारखान्याची कॉलनी होती. सकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघे. संध्याकाळी मैदानात मराठी, कन्नड, तमिळ पोरं एकच आरडाओरडा करत. कॉलनीच्या शाळेतल्या आठवीच्या वर्गावरच सरांनी पहिली परीक्षा घेतली होती, आणि त्या वर्गाच्या सरासरी मुलाला म्हटलं होतं शून्य. तिथून वर अधिक, खाली उणे. रेषा ठरली होती त्या शून्याच्या वर अर्ध्यावर. 'अर्ध्यावर रेषा, पावाची चूक' हे संस्थेत सगळ्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. पडद्यावर रेषा आखायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

आता कॉलनीच्या जागी फ्लॅट होते. परीक्षेला येणारी मुलं रायचूरची, बिहारची, ओडिशाची, बांधकामांवरच्या आणि कारखान्यांतल्या माणसांची. शाळा बदलत बदलत आलेली. गेल्या वर्षी शुभंकरने म्हणूनच मोजपट्टी नव्याने लावली होती. आजच्या मुलांची सरासरी ती शून्य. रेषा तीच, मुलाला यायला हवं ते गणितही तेच. पण शून्य खाली आलं, म्हणून त्याच रेषेचा आकडा वाढला. 'अर्धा' होता तो 'सव्वा' झाला.

नीलाने डोळे मिटले. काहीतरी टोचत होतं.

धुकं करायचं असतं तर अकरा प्रश्न कसेही बदलून चाललं असतं. काही फार सोपे, काही फार अवघड. पण बदललेल्या पेपराची टेकडी ओबडधोबड नव्हती. सुरेख, सारख्या उताराची होती. आणि नव्या शिखरापाशी चूक किती होती? तिने मघाशी पाहिली होती. बरोबर पाव.

चोर घर विस्कटतो. हा तर घर लावून गेला होता.

संपिगे रोडला उतरून ती मल्लेश्वरमच्या ओळखीच्या बोळात शिरली. पद्माकर सरांनीच दार उघडलं. पत्नी वारल्यावर ते वर्षभर पुण्याला मुलीकडे, यशश्रीकडे, राहिले होते. तिथे करमलं नाही म्हणून उन्हाळ्यात परत आले होते.

"ये नीला. वाटलंच होतं येशील. कॉफीचं डिकॉक्शन तयार आहे."

ते स्वयंपाकघरात गेले. नीलाने नेहमीच्या जागेकडे पाहिलं. काचेच्या कपाटावर त्यांचं जुनं डायल गेज ठेवलेलं होतं, गेज रूमने निरोप देताना दिलेलं. लहान घड्याळासारखं, एका सुईचं. आज त्याची सुई शून्याच्या किंचित डावीकडे उभी होती. ज्या माणसाने आम्हाला शून्य लावल्याशिवाय कामाला हात लावू दिला नाही, त्याच्या घरात? नीलाला वाईट वाटलं. वय, दुसरं काय.

"सर, ऑफिसात पेपरचा घोळ झालाय."

"ठाऊक आहे," कॉफी ओतता ओतता ते म्हणाले. "पण आता झालंय ना दुरुस्त? मग वाढवू नका. पोरगा गुणी आहे. वरून दट्ट्या आला की तरुण माणूस वाकतो. त्याला काढू नका."

"दुरुस्त कुठे झालंय सर? आज सकाळी तर उघडकीला आलं."

सर गोंधळल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. पेला तिच्या हातात देऊन समोर बसले.

आणि नीलाला एकदम गेज रूम आठवली. लोखंडाचा आणि तेलाचा वास, उत्तरेकडच्या खिडक्यांतून येणारा थंड उजेड. ती नवी होती. एका दुपारी जेवून आली तर तिच्या बाकावरच्या गेजचं शून्य कुणीतरी नीट लावून ठेवलेलं, आणि शेजारी तिचा कॉफीचा पेला पालथा. तिला काही कळेना. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आप्पाजींनी सांगितलं होतं: "तुझं शून्य चुकलं होतं, मगा, पोरी. वरच्याने दुरुस्त केलं. आता तू बघ, शीक, पेला उचल. कुणी कुणाला विचारायचं नाही. इथे शून्यासाठी माणसाचं नाव वर जात नाही."

तो वरचा माणूस पद्माकर सर होते.

नीलाच्या हातातली कॉफी हातातच राहिली.

५

"सर," ती म्हणाली, "शनिवारी शुभंकरच्या टेबलावर पेला पालथा घालून ठेवला होतात?"

"मग? पोरगा तेवढं समजेल असं वाटलं होतं."

"त्याला कुणी शिकवलंच नाही ते. गेज रूम त्याने पाहिलेलीच नाही."

सर ओशाळले. "खरंच की."

"मी सांगते काय झालं, चुकलं तर थांबवा. सकाळी श्वेता सगळ्यांसमोर ओरडली की वरच्या मुलांसाठी अवघड प्रश्न टाक. तुम्ही कोपऱ्यात कॉफी पीत होतात. शुभंकर जेवायला गेला, जाताना त्याने तुम्हाला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. तुम्ही टेकडी पाहिली. शिखर सव्वावर. तुमच्या मते रेषा अर्ध्यावर. म्हणजे तुम्हाला वाटलं, दबावाखाली पोराने पेपर वर नेला. सोनाराचा काटा श्रीमंतांच्या दारात ठेवला आणि काठावरची मुलं वखारीच्या काट्यावर घातली."

"घातलीच होती!" सरांचा आवाज चढला. "मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांच्यासाठी परीक्षा काढली, त्यांनाच ढोबळ मोजायचं? मी अर्ध्याच्या आसपासचे अकरा प्रश्न शोधले, पावाची चूक साधली आणि उठलो. कुणाला बोललो नाही. पोराचं नाव का खराब करायचं?"

"आणि त्याला वाटतंय, तुमचं नाव का खराब करायचं. म्हणून तो सकाळपासून तोंड शिवून बसलाय. पाच वाजता त्याचं नाव ट्रस्टला जाणार आहे."

सरांनी पेला खाली ठेवला. "माझं नाव कशाने खराब होणार? मी बरोबर केलंय."

हे वाक्य उच्चारायला नीलाला जड गेलं. रस्त्याने कुणी मोगरेवाली ओरडत गेली, ती दूर जाईपर्यंत नीला थांबली.

"सर, शून्य हललंय."

"काय?"

"गेल्या वर्षी. तुम्ही पुण्याला होतात. आता परीक्षा देणारी मुलं वेगळी आहेत, म्हणून मोजपट्टी त्यांच्यावर लावली. शून्य पाऊण अंतर खाली आलं. तुमचा अर्धा तो आता सव्वा. शुभंकरचं शिखर बरोबर रेषेवर होतं. तुम्ही ते पाऊण अंतर खाली आणलंत. तेवढंच, ना कमी ना जास्त. त्यावरूनच मला कळलं. श्वेता आली तेव्हा शून्य हलून झालं होतं, तिने 'अर्धा' कधी ऐकलाच नाही. शुभंकरने तर ते स्वतः हलवलं. अक्का आकडे बघत नाहीत, हयवदनला टेकडी कळत नाही. पेपर इतका सुबक जुळवू शकणारा आणि अजून जुन्या शून्यावर उभा असणारा माणूस एकच होता."

सर कपाटाकडे वळले. त्यांची नजर गेजवर होती.

"ते कॉलनीच्या शाळेचं शून्य होतं," शेवटी ते म्हणाले. "आठवी ब. वर्गात तुझी धाकटी बहीण होती."

"हो. तिसऱ्या बाकावर. सारखी खिडकीबाहेर बघायची."

"मला कुणी सांगितलं नाही, नीला."

"तुम्ही कॉफीला येत होतात, सर. आम्हाला वाटलं, आता तुम्हाला कामाचा त्रास कशाला. मीसुद्धा तोच विचार केला."

सर उठले, आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "मेट्रोने पाचच्या आत पोचू ना?"

६

ते पोचले तेव्हा श्वेताच्या केबिनमध्ये फोन लागलेला होता. स्पीकरवर ट्रस्टच्या बाईंचा आवाज होता. शुभंकर भिंतीशी उभा होता. सरांना पाहताच तो पुढे झाला.

"सर, तुम्ही कशाला आले? मी सांगितलं ना, माझ्याकडूनच..."

"गप रे," सर म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि फोनकडे वाकून, गेज रूममध्ये अहवाल देत तसे, सरळ आवाजात बोलले. कुणी केलं, कसं केलं, का केलं, आणि ते का चुकलं. आपल्या वयाचा उल्लेख केला नाही. हेतू चांगला होता, असंही म्हणाले नाहीत. "शुभंकरने जुळवलेला पेपर बरोबर होता. तोच छापा. माझं नाव लिहून घ्या."

मग बाईंनी विचारलं, "त्यांच्याकडे ऑफिसचा प्रवेश आहे का?"

श्वेताने उत्तरासाठी तोंड उघडायच्या आत सरांनी खिशातून शनिवारच्या भेटींसाठी मिळालेलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "होता," ते म्हणाले.

शुभंकरला मशीन उघडं ठेवल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि नोकरी राहिली. पेपर जुन्या प्रश्नांनिशी छपाईला गेला. त्या आठवड्यात श्वेताने पडद्यावर टेकडीबरोबर रेषाही आखून घेतली, ठळक लाल रंगात, आणि तिच्याखाली शून्य कुठलं तेही. अक्का म्हणाल्या, "आता कसं घराला उंबरठा आल्यासारखं वाटतं."

निघताना नीलाने शुभंकरला पालथ्या पेल्याची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. "म्हणजे मला रागावून राहिले होते सर," तो म्हणाला, "आणि मला वाटलं साफसफाईवाले."

पुढच्या शनिवारी सर व्हाइटफील्डला जाऊ शकत नव्हते, म्हणून शुभंकर मल्लेश्वरमला आला. येताना नीलाही सोबत होती. सरांनी डिकॉक्शन काढलं. त्यांना नवी मोजपट्टी समजून घ्यायची होती. शुभंकर कागदावर टेकड्या काढत गेला आणि सर वाकून बघत, मधेच त्याच्या हातून पेन्सिल घेत राहिले. रायचूरच्या मुलांना शिडीचा प्रश्न का अडतो, यावर दोघांचं वाजलंसुद्धा.

"दूध घालतो आणखी," म्हणत सर आत गेले.

शुभंकर उठून कपाटाशी गेला. डायल गेज हातात घेऊन त्याने कडेचं कडं नखभर फिरवलं. सुई होती तिथेच राहिली. शून्य सरकत सरकत तिच्याखाली आलं. गेज जागेवर ठेवून त्याने सरांचा रिकामा पेला उचलला आणि शेजारी पालथा घातला. मग येऊन जागेवर बसला, जणू उठलाच नव्हता.

सर दूध घेऊन आले. पेला शोधायला लागले आणि त्यांची नजर कपाटावर गेली. नीला खिडकीबाहेर बघत राहिली.

कुणी काही विचारलं नाही. सरांनी गेज डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, पेला उचलून सुलटा केला आणि शुभंकरच्या समोर धरला.

"ओत," ते म्हणाले. "आणि तो शिडीचा प्रश्न पुन्हा सांग."